घरात बिननावाचं कोणी आहे का?

आमच्या वडिलांना दिसत नव्हतं. चार वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या आणि जाताना दोन्ही डोळे घेऊन गेल्या. सोलापुरात आई विड्या वळायची आणि वडील तिच्या शेजारी बसून बोटांनी चाचपत पंचवीस-पंचवीसचे कट्टे बांधायचे. एखादी विडी सैल वळली गेली की त्यांच्या बोटांना ते आधी कळायचं. काही न बोलता ते ती आईकडे परत सारायचे, कारण कारखान्यात मुकादमानं सैल विडी काढून टाकली तर ती मेहनत फुकट जायची. घर म्हणजे एक खोली. तंबाखूच्या धुरळ्यानं आम्हां तिघा भावंडांना बारा महिने शिंका. अभ्यास मी मोठ्यानं वाचायचे, वडिलांना ऐकू जावा म्हणून. शाळेचं तोंड न पाहिलेला हा माणूस गल्लीत सांगायचा, माझा दहावीपर्यंतचा भूगोल झालाय.

त्यांचे डोळे जायला रोग जसा कारण होता तशी आमची आजीही होती. गावात देवी काढायला, म्हणजे देवीची लस टोचायला, माणूस आला तेव्हा तिनं पोराला ज्वारीच्या कणगीत लपवलं होतं. ही गोष्ट ती मरेपर्यंत कुणाला काढू देत नसे, आणि स्वतः मात्र रोज एकदा काढे. आईनं त्यातून काय घ्यायचं ते घेतलं. मी तान्ही असताना टोचणारा आमच्या वस्तीत आला तेव्हा बाकीच्या बायका पोरं घेऊन पळाल्या आणि माझी आई मला काखोटीला मारून त्याच्या मागे गेली.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मुद्दाम लिहिते, न लिहिण्यात मला काही विनय दिसत नाही. बी.एस्सी. झाले, स्कॉलरशिप मिळवली आणि २००१ साली सार्वजनिक आरोग्य शिकायला शिकागोला आले. पुढे तिथल्याच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, आरोग्य खात्यात नोकरी लागली. मुख्यतः ज्यांच्याकडे इन्शुरन्स नाही त्यांच्या मुलांना लस देणारं आमचं छोटं क्लिनिक होतं. शाळेच्या प्रवेशासाठी कार्ड पूर्ण लागतं, म्हणून मेक्सिकन, पोलिश, गुजराती, सगळ्या जगाची पोरं तिथे येऊन रडायची.

सोनवणे काका मला भेटले ते २००३ च्या गणपतीत. शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये मंडळाचा उत्सव होता. जेवणाच्या रांगेत माझ्या मागे एक उंच, वाळकुडे आजोबा उभे होते. अंगात कोट, पायात मुलानं घेऊन दिलेले पांढरे शुभ्र स्पोर्ट्स शूज. ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नव्हते, माझ्या डाव्या दंडाकडे बघत होते. मी पदर ओढला, तेव्हा ते अगदी सरळपणे म्हणाले, "राहू दे पोरी, बघून झालं. दुतोंडी सुई. पंच्याहत्तर नाहीतर शहात्तर साल. काढणाऱ्याचा हात हलका होता."

साल बरोबर होतं. मागच्या काकू हसून म्हणाल्या, "घाबरू नकोस गं, ते सगळ्यांचेच दंड बघतात. आमच्या ह्यांना तर शर्ट काढायला लावला होता."

वामनराव सोनवणे नाशिक जिल्ह्यात व्हॅक्सिनेटर होते. आधी लोकल बोर्डात, मग जिल्हा परिषदेत, एकूण पस्तीस वर्षं. बायको गेल्यावर धाकटा मुलगा संदीप त्यांना इकडे घेऊन आला होता. माणसाचं वय, गाव, जात यातलं काही ते विचारत नसत. दंडावरचा देवीच्या लसीचा वण बघितला की त्यांचं काम व्हायचं. मोठ्या गोल चकत्या असल्या की जुनं फिरकीचं हत्यार. बारीक खड्डा असला की दुतोंडी सुई. काहीच नसलं, तर माणूस ऐंशीनंतर जन्मलेला. अशा कोऱ्या दंडाचं कुणी भेटलं की ते खूश व्हायचे. "आमचं काम संपल्याची खूण," म्हणायचे.

त्या वर्षी टीव्हीवर सारखं चाललं होतं की कुणी शत्रू देवीचे जंतू सोडेल, म्हणून इथल्या दवाखान्यांतल्या लोकांना परत लस देतायत. काकांना इंग्रजी येत नव्हतं, म्हणून त्यांनी मला विचारलं. जगात दोन ठिकाणी ते जंतू अजून सांभाळून ठेवलेत, असं मी सांगितल्यावर ते म्हणाले, "आम्ही दारोदार फिरून संपवली, आणि ह्यांनी बाटलीत भरून ठेवली?" त्यानंतर चार दिवस ते अमेरिकेशी बोलत नव्हते. म्हणजे टीव्ही लावत नव्हते.

घरात त्यांचा दरारा होता तो फक्त फ्रिजपुरता. त्यांच्या तरुणपणी लस ओल्या फडक्यात गुंडाळून, मडक्यात ठेवून, ऊन चढायच्या आत दहा-दहा मैल न्यावी लागे. लस तापली की मेली. त्यामुळे फ्रिजचं दार कुणी उघडं ठेवून आत काय आहे याचा विचार करू लागलं, की त्यांच्या जिवाची घालमेल व्हायची. विचार बाहेर करा, दार लावा, असं ते सगळ्यांना सांगत. सूनबाई रूपाली म्हणायची, "बाबा, आत फक्त दही आहे." तरी त्यांनी आत थर्मामीटर लावलाच होता.

एका बुधवारी मी त्यांना हौसेनं आमचं क्लिनिक दाखवायला नेलं. रंगीत भिंती, खेळणी, कॉम्प्युटर त्यांनी बघितलेही नाहीत. लसींच्या फ्रिजपाशी गेले. दारावर तक्ता होता, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून सही केलेला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण महिना वाचला. एकही दिवस कोरा नव्हता. "याला म्हणतात खातं," म्हणाले, आणि तिथल्या तिथे तक्त्याला नमस्कार केला.

पुढे दर बुधवारी ते माझ्या गाडीतून येऊ लागले. बाहेरच्या खुर्चीवर बसून रुमालाचा उंदीर करायचे आणि तो तळहातावरून पळवायचे. उंदराला भाषा लागत नाही. पोलिश पोरगं हसत असतानाच आत त्याला सुई टोचून झालेली असायची. आमची हेड नर्स डोना साठीला आलेली, शिस्तीची बाई. पहिल्या दिवशी तिनं मला बाजूला घेऊन विचारलं, हा गृहस्थ कोण, याची परवानगी कुठे आहे. दुसऱ्या बुधवारी तिनं त्यांना बाही वर करायला सांगितली आणि स्वतःचीही केली. दोघांच्याही डाव्या दंडावर तसाच वण. तिनं सांगितलं, तिच्या थोरल्या भावाला पोलिओ झाला तो लस यायच्या आदल्या उन्हाळ्यात. तो पायाला लोखंडी पट्ट्या बांधून चालायचा. पुढच्या वर्षी शाळेच्या जिममध्ये मुलांना टोचायला सुरुवात झाली तेव्हा रांगेत सगळ्यांत पुढे तिची आई तिला घेऊन उभी होती, दार उघडायच्याही आधीपासून. मी हे मराठीत सांगितलं, आणि टोचणाऱ्यामागे गेलेल्या माझ्या आईचंही सांगितलं. काका म्हणाले, "हिची आई आणि तुझी आई एकाच शाळेतल्या."

माझ्या वडिलांची गोष्ट मी त्यांना सांगितली ती गाडीत, परत येताना. कणगीचं ऐकल्यावर त्यांनी विचारलं, व्हॅक्सिनेटर कोण होता? मी म्हटलं, कुणाला माहीत, जिल्हाच वेगळा तुमचा. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "कोणी का असेना. त्यानं कणगीत बघायला हवं होतं," म्हणाले. आमच्या घरात इतकी वर्षं सगळा दोष आजीचा होता. तो दुसऱ्या कुणी उचललेला मी पहिल्यांदा ऐकला.

२००४ च्या वसंतात संदीप-रूपालीला मुलगी झाली, तनया. इथे हॉस्पिटलमधून निघण्याआधीच बाळाचं नाव कागदावर चढतं, याचं काकांना फार कौतुक वाटलं. "जन्मली की नोंद. हे लोक हुशार आहेत," असं त्यांनी मला तीन वेळा सांगितलं. त्यात कौतुक करण्यासारखं एवढं काय, ते मला तेव्हा कळलं नाही.

दोन महिन्यांनी रूपालीनं तनयाच्या लसीची अपॉइंटमेंट कॅन्सल केली. मग परत एक केली, तीही कॅन्सल केली. थोरला निहार साडेतीन वर्षांचा होता आणि दहा शब्दांपलीकडे बोलत नव्हता. नजर देत नव्हता. डॉक्टरांनी ऑटिझमचं नाव घेतलं होतं. त्या काळात इथल्या आयांमध्ये एकच बोलणं चालू होतं, की हे लसींमुळे होतं. निहार झोपला की रूपाली कॉम्प्युटरवर तेच वाचत बसे. ती काही अडाणी नव्हती, इंजिनिअर होती. मुलाच्या काळजीनं पोखरलेली आई होती.

काकांनी संदीपला विचारलं. तो म्हणाला, "बाबा, यात तुम्ही पडू नका. तिला आधीच पुरे झालंय."

काका पडले नाहीत. फक्त त्यांनी बुधवारी येणं बंद केलं. मी घ्यायला गेले तर कोट न घालता दारात आले आणि म्हणाले, "माझ्याच घरात मूल टोचायचं राहिलंय. मी कुठल्या तोंडानं दुसऱ्यांची पोरं हसवू?" पस्तीस वर्षांची नोकरी एका पाळण्यापाशी येऊन अडली होती.

मला वाटलं, हे तर माझं काम. मी शिकलेले, माझ्याकडे कागद. एका शनिवारी जाड फाइल घेऊन गेले आणि रूपालीला तासभर सगळं समजावलं. घटसर्प काय करतो, डांग्या खोकला काय करतो, लसीचा आणि ऑटिझमचा संबंध कसा सापडलेला नाही. मी सांगितलं त्यात चूक काहीच नव्हती. तिनं सगळं ऐकून घेतलं, चहा दिला, "थँक्यू सुनंदाताई" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन उचलेनाशी झाली.

काकांनी मला मोजक्या शब्दांत झापलं. "तू दारातच दंड मागितलास. आधी पाणी मागायचं असतं." ही त्यांची कामाची रीत होती. कुठल्याही घरी गेलं की लसीचं नाव काढायचं नाही. उंबऱ्याबाहेर बसायचं, प्यायला पाणी मागायचं, ते सावकाश प्यायचं. पाणी देणारी बाई दोन शब्द बोलतेच. ती काय बोलते ते ऐकायचं. कुणाची सासू आडवी येते, कुणाचं आधीचं मूल टोचल्यावर तापानं फणफणलं होतं, हे पाण्यावरच कळतं.

तीनेक आठवड्यांनी मी त्यांच्याकडे गेले ती नुसता डबा परत करायला. डायनिंग टेबलावर मेथीची जुडी पसरलेली होती, काका आणि रूपाली निवडत होते. मीही बसले. निहार जमिनीवर गाड्यांची रांग लावत होता, तनया पाळण्यात झोपली होती. मेथी निवडता निवडता काकांनी सांगायला सुरुवात केली. सांगत होते ते रूपालीला, पण बघत होते पानांकडे.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. कळवणकडचं एक गाव. रजिस्टरमध्ये मुलांचा रकाना नावानं भरायचा असे. एका घरी त्यांनी मुलं किती विचारलं. म्हातारी म्हणाली, एक, सदू. सदूला त्यांनी टोचलं. तेवढ्यात आतून तान्हं रडलं. ते कोण, म्हणून विचारलं, तर म्हातारी म्हणाली, ते अजून कुणी नाही. सदूच्या आईची त्याच्या पाठची दोन मुलं गेली होती. नाव ठेवलं की नजर लागते म्हणून वर्ष झालं तरी तिनं या बाळाचं बारसं केलं नव्हतं. नाव नाही, तर रकान्यात काय लिहिणार? ऊन चढत होतं, मडक्यातली लस तापत होती, पुढे अजून तीन गावं होती. काकांनी लिहिलं, मुले एक, लस दिली एक. आणि उठले.

"पुढच्या चैत्रात गावात देवी आल्या. मी गेलो तेव्हा सदूची आई दारात बसली होती. मला म्हणाली, नाव होतं तिचं. मनात होतं. सगुणा. आता लिहा."

काकांच्या हातात मेथीची एक काडी होती, ती त्यांनी खाली ठेवली.

"मी लिहिलं. रकाना नव्हता, समासात लिहिलं. त्यानंतर प्रत्येक घरात पहिलं हेच विचारायचो, घरात बिननावाचं कोणी आहे का? पण सूनबाई, माझी चूक नावाची नव्हती. ती बाई पोर आत घेऊन का बसलीय, तिला कशाची भीती वाटतेय, हे मी विचारलंच नाही. मला घाई होती." मग म्हणाले, "तुला विचारतो. तुला कशाची भीती वाटते? मी मध्ये बोलणार नाही."

रूपाली बोलायला लागली ती थांबेना. निहारला पहिल्या वाढदिवसानंतरची सुई टोचली त्या आठवड्यात तो रात्रंदिवस रडला, त्यानंतर तो पूर्वीचा राहिलाच नाही, त्याच्याआधी तो "मम्मा" म्हणायचा, नक्की म्हणायचा. पाच ठिकाणी मला मध्ये बोलायचं होतं. पाचही वेळा काकांनी माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी मेथी निवडत राहिले. शेवटी ती म्हणाली, "बाबा, त्याला मीच नेलं होतं. संदीप ऑफिसात होता. मी एकटीनं नेलं."

काका म्हणाले, "हं." एवढंच. आणि उठून तिला पाणी आणून दिलं.

पुढचं मी बघितलेलं नाही, रूपालीनंच मला कधीतरी सांगितलं. निहारच्या लहानपणाचे व्हिडिओ कपाटात पडून होते. बघायची तिची हिंमत होत नव्हती. काकांनी बघ म्हणून सांगितलं नाही. बघणार असशील तर मी सोबत बसतो, म्हणाले. दोघं रोज दुपारी थोडं थोडं बघत होते. त्या टोचण्याच्या कितीतरी आधी, वाढदिवसाच्याही आधी, अकरा महिन्यांचा निहार मांडीवर होता आणि ती त्याला हाका मारत होती. एक, दोन, सहा हाका. त्यानं मान वळवली नाही, तो पंख्याकडे बघत होता. रूपालीनं ती टेप मागे नेऊन परत बघितली आणि रडली. काका तिच्याशेजारी बसून राहिले. बघ, मी सांगत नव्हतो का, असं ते तेव्हाही म्हणाले नाहीत आणि नंतरही नाहीत.

ऑक्टोबरात तिचा फोन आला. "सुनंदाताई, एका वेळी एकच सुई चालेल का? जास्त नको. मला बघवणार नाही." पुस्तकाप्रमाणे दोन-दोन महिन्यांच्या खेपेला सगळ्या सुया एकदम द्यायच्या असतात. पुस्तक मला पाठ होतं, आणि ते म्हणून दाखवायला माझं तोंड उघडलंही होतं. मी ते मिटलं आणि डोनाकडे गेले. डोनानं एक क्षणही घेतला नाही. म्हणाली, तिला सांग, हवं तितक्या वेळा ये.

पहिल्या सुईच्या दिवशी काका कोट घालून आले. तनयाला त्यांनीच मांडीवर धरायचं असं ठरलं होतं, त्यांचा हात पक्का म्हणून. डोनानं तनयाची मांडी पुसली, सुई काढली, आणि या माणसानं, ज्यानं आयुष्यभर लोकांची पोरं टोचली, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले. रूपालीनं मात्र डोळे उघडे ठेवले होते. तनया रडली. काकांना उंदराची आठवणही राहिली नाही. रूपालीनंच त्यांच्या खिशातला रुमाल काढून त्यांचं कपाळ पुसलं. "बाबा, झालं," म्हणाली.

अशा एक-एक सुईनं आम्ही चार वर्षं चाललो. मध्ये दोनदा रूपाली घाबरली आणि खेप चुकली. मग परत आली. निहार स्पीच थेरपीला जाऊ लागला, हळूहळू वाक्यं बोलू लागला, पण शब्द मोजूनमापून. तो आजोबांना "ए, दार लाव" म्हणतो, हे काका सगळ्यांना अभिमानानं सांगत. काका बुधवारी परत येऊ लागले होते, पुढे गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा थांबले.

त्यांना मी शेवटचं बघितलं ते २००८ च्या उन्हाळ्यात. दुसऱ्या आठवड्यात ते कायमचे नाशिकला, थोरल्या मुलाकडे, चालले होते. तनया चार वर्षांची झाली होती आणि शाळेत जायच्या आधीच्या शेवटच्या सुईला आली होती. काका वॉकर घेऊन आले. तनयानं त्यांना बजावलं, "आजोबा, यू डोंट हॅव टु कम इन, आय ॲम नॉट स्केअर्ड," आणि एकटी आत गेली. बाहेर आली ती दंडावर पट्टी मिरवत. काकांनी तिचा दंड बघितला, मग माझ्याकडे कार्ड मागितलं. इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण रकाने वाचायला भाषा लागत नाही. पहिल्या चौकोनापासून एकेका तारखेवर बोट ठेवत ते खाली आले. मध्ये थांबले नाहीत. शेवटच्या तारखेवर बोट पोचलं, तेव्हा त्यांनी कार्ड घडी न घालता रूपालीच्या हातात दिलं आणि वॉकर वळवून पार्किंगकडे चालू लागले. त्यांच्यासाठी दार धरायला निहार आधीच पुढे गेला होता.

पुढच्या वर्षी नाशिकला ते झोपेतच गेले, असं संदीपनं कळवलं.

तनयाचं कार्ड तर त्या २००८ च्या उन्हाळ्यातच पूर्ण झालं होतं. शाळेकडून मुदत घेऊन लांबवलेली निहारची राहिलेली सुई रूपालीनं त्याच महिन्यात त्याला स्वतः आणून पूर्ण करून घेतली. सोनवण्यांच्या घरात लस राहिलेलं एकही मूल नाही.